न छापलेले छायाचित्र

एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आमच्याकडे एक पत्रक पाठवले आहे. गुळगुळीत कागद, चार रंगांतली छपाई. महाविद्यालयात भरलेल्या दंततपासणी शिबिरात ते अकरावी-बारावीच्या मुलांना वाटले गेले. सोबत बाईंची छोटी चिठ्ठी आहे. त्यांच्या वर्गातील एका मुलीचे वरचे पुढचे दोन दात किंचित वळलेले आहेत. ते ‘पंधरा दिवसांत’ सरळ दिसू शकतात असे तिने पत्रकात वाचले आणि करून घ्यावे का, असे बाईंना विचारले. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि घरच्यांची खर्चाची तयारी आहे. काय उत्तर द्यावे ते आपल्याला सुचले नाही, असे बाई प्रामाणिकपणे लिहितात. ‘यातला उपचार कोणता आणि नटणे कोणते, एवढे तरी सांगा,’ अशी त्यांची विनंती आहे.

आम्ही दंतवैद्य नाही. पॉलिमर आणि सिरॅमिक या पदार्थांवर संशोधन करणे हे आमचे काम. दातांत भरले जाणारे आणि दातांवर चढवले जाणारे बरेचसे पदार्थ याच दोन घराण्यांतले असल्याने आमची त्यांच्याशी ओळख आहे, इतकेच. त्या मुलीचा निर्णय तिचे तोंड तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. येथे आम्ही तपासणार आहोत ते फक्त पत्रक.

त्याची मांडणी अशी. डाव्या रकान्यात ‘दुरुस्तीचे उपचार’: दातात भरणे, रूट कॅनाल, कॅप, ब्रिज, इम्प्लांट. उजव्या रकान्यात ‘सौंदर्योपचार’: दात पांढरे करणे, व्हिनिअर, ‘स्माइल मेकओव्हर’. प्रत्येकापुढे एकेक ओळ. खाली दोन छायाचित्रे, ‘आधी’ आणि ‘नंतर’. पहिल्यात पिवळसर, जरा वेडेवाकडे दात. दुसऱ्यात कुंदकळ्यांनाही लाजवील अशी शुभ्र रांग.

पत्रकातील एकही विधान खोटे नाही, हे आधीच सांगून टाकतो. चूक सापडेल या आशेने आम्ही ते तीनदा वाचले. दोष आहे तो मांडणीत, आणि जे छापलेले नाही त्यात.

प्रथम रकान्यांकडे पाहू. क्रिकेटचा चेंडू लागून एखाद्या मुलाच्या पुढच्या दाताचा कोपरा उडतो. दंतवैद्य दाताच्या रंगाचे कंपोझिट लावून तो कोपरा पुन्हा बांधून देतात. ही दुरुस्ती की सौंदर्य? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लुओराइड प्रमाणाबाहेर आहे. तेथील मुलांचे कायमचे दात येतात तेच खडूसारखे पांढुरके किंवा तपकिरी डाग घेऊन. असे बहुतेक दात चावायला धड असतात. पण तोंडावर हात धरून हसणारी मुलगी ज्या शिक्षकाने वर्गात पाहिली आहे, त्याला ‘हे नुसते दिसण्याचे’ असे म्हणवणार नाही. तेव्हा सौंदर्य या शब्दाला नाक मुरडण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. चांगले दिसावेसे वाटणे हा दोष नव्हे.

रकान्यांची अडचण वेगळीच आहे. उपचार कशासाठी करायचा ते त्यांतून कळते, दाताचे काय होते ते कळत नाही. आपल्याला कोणत्या हेतूने तासले याची दाताला खबर नसते. म्हणून उपचारांची विभागणी करायचीच असेल तर ती वेगळ्या कसोटीवर करायला हवी: नैसर्गिक दातापैकी किती भाग कायमचा जातो, आणि उद्या नको वाटले तर मागे फिरता येते का?

ही कसोटी का, हे समजण्यासाठी दाताच्या बाहेरच्या कवचाकडे, म्हणजे दंतवल्काकडे वळावे लागेल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा पदार्थ शरीरातील सर्वांत कठीण. विद्यार्थ्यांना एवढे पाठ असते. त्यांना सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. हाड मोडले तर जुळते, कातडी भरून येते, नख तर कापावे तितके वाढते. दंतवल्क मात्र पुन्हा तयार होत नाही. आणि ते असते तरी किती? दाढेच्या उंचवट्यावर सुमारे अडीच मिलिमीटर. पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूला कडेशी मिलिमीटरभर, हिरडीकडे जाता जाता अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. त्याच्या आत दंतिन, आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा.

येथे एक भर घालायला हवी, नाहीतर चित्र उगाच निराशेचे होईल. साखर खाल्ल्यावर दातांवरील जिवाणू आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ आम्ल निवळवते, आणि तीच लाळ विरघळलेले खनिज परत बसवू लागते. फ्लुओराइड असेल तर हे काम अधिक चांगले होते आणि बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. दातावर दिसणारा खडूसारखा पांढरा ठिपका ही किडीची पहिली पायरी. पृष्ठभाग शाबूत असेपर्यंत ती कीड तेथेच थांबवता येते. पण एकदा खड्डा पडला, की तो लाळेने बुजत नाही. खनिज परत येते, आकार परत येत नाही. सगळे दंतोपचार या एका वाक्याच्या दोन बाजूंना उभे आहेत.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल-आम्लारींच्या प्रकरणात दातांचा उल्लेख येतो. ५.५ हा आकडा तेथे आहे, दंतवल्काचा कठीणपणा आहे. पण टूथपेस्ट आम्लारिधर्मी असल्यामुळे आम्ल निवळते आणि कीड टळते, एवढे सांगून मजकूर पुढे जातो. निवळण्याचा परिणाम घासणे संपल्यावर किती वेळ टिकणार? टूथपेस्टमध्ये किडीविरुद्ध खरे काम करतो तो फ्लुओराइड, आणि त्याचे नाव या स्पष्टीकरणात नाही. खनिज परत बसते हेही नाही. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा प्रयोगही असाच अर्धा. करायला तो सोपा आहे, मुलांना आवडतो, करावा. पण ते कवच कॅल्शियम कार्बोनेटचे आणि दात कॅल्शियम फॉस्फेटचा, हे सांगूनच करावा. शिवाय व्हिनेगरच्या ग्लासात लाळ नसते, हेही.

(गंमत म्हणजे आपल्याकडच्या कायद्यानुसार टूथपेस्ट हे सौंदर्यप्रसाधन. म्हणजे पत्रकवाल्यांच्या हिशेबाने ती उजव्या रकान्यात जायला हवी!)

आता त्या कसोटीवर उपचार लावून पाहू. उजव्या रकान्यात शेजारी शेजारी बसवलेले ‘दात पांढरे करणे’ आणि ‘व्हिनिअर’ येथे एकमेकांपासून फार दूर जातात.

दात पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते सोडणारे कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. रात्री दातांवर साचा चढवून त्यात दहा टक्क्यांचे कार्बामाइड पेरॉक्साइड ठेवण्याची पद्धत हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पेरॉक्साइड दातात शिरून रंगीत सेंद्रिय रेणू तोडते. दात तासला जात नाही. काही दिवस थंड-गरम झोंबते, हिरडीची जळजळ होऊ शकते, मिळालेला रंग हळूहळू ओसरतो, आणि भरलेले कंपोझिट किंवा कॅप मात्र जुन्याच रंगाचे राहतात. हे शेवटचे पत्रकात हवे होते. युरोपीय संघाने ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादने अठरा वर्षांखालील मुलांना वापरायला २०१२ पासून मनाई केली आहे, आणि हे पत्रक वाटले गेले ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत.

मुळात निरोगी दाताचा रंग पांढराशुभ्र नसतोच. दंतवल्क अर्धपारदर्शक असते आणि त्यातून आतल्या दंतिनचा पिवळेपणा दिसतो. सुळे इतर दातांहून पिवळे असतात. दुधाचे दात पडून नवे आले की ‘हे असे पिवळे का’ म्हणून आया काळजी करतात, त्याचेही कारण हेच. मिश्री, राखुंडी, कोळसा, मीठ यांनी खसाखसा घासून दात पांढरे करणारा माणूस वरचे कवच पातळ करून आतला पिवळा रंगच अधिक उघडा करत असतो.

दाताला पदार्थ चिकटवण्याची कथा आमच्या आवडीची आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. काही दशकांपूर्वीपर्यंत दात भरायचा म्हणजे बहुधा चांदीचे मिश्रण भरायचे. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा. उरलेला भाग चांदी, कथिल आणि तांबे. हे मिश्रण मजबूत आणि टिकाऊ, पण दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागे. अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी या कोरण्याचे शास्त्र बसवले आणि पुढे कीड लागू नये म्हणून आजूबाजूचा निरोगी भागही कोरून खड्डा वाढवावा असे शिकवले. त्यांच्या काळात फ्लुओराइडची टूथपेस्ट नव्हती, चिकटणारे पदार्थ नव्हते. ब्लॅक यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर अर्धा मिनिट फॉस्फोरिक आम्ल लावले आणि धुऊन कोरड्या केलेल्या पृष्ठभागावर ॲक्रिलिक बसवले. ते घट्ट बसले. आम्लाने पृष्ठभागाला सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत द्रव रेझिन शिरते आणि तेथेच घट्ट होते. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी आजच्या कंपोझिटचे मूळ रेझिन तयार केले. या पद्धतीत आम्लाने जाणारे दंतवल्क १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. कीड काढली की झाले. भरलेले अडकवण्यासाठी निरोगी दात कोरायला नको. कंपोझिट घट्ट होताना आकारमानाने दोन-तीन टक्के आकसते, त्यामुळे कडेला फट पडण्याचा धोका राहतो. आमच्या क्षेत्रातील कित्येकांची कारकीर्द या दोन-तीन टक्क्यांपायी खर्ची पडली आहे.

याच चिकटवण्याच्या विद्येवर आजचे व्हिनिअर उभे आहे. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर बसवलेला पातळ पापुद्रा. हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. १९२८ च्या सुमारास त्यांनी चित्रपटातील नटनट्यांसाठी असे पापुद्रे केले. ते कवळी बसवायच्या चिकट भुकटीने तात्पुरते लावायचे आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवायचे. म्हणजे पहिले व्हिनिअर टोपाइतकेच, किंवा खोट्या मिशीइतकेच निरुपद्रवी होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलिनचा पापुद्राही आम्लाने खरखरीत करून रेझिनने दाताला कायमचा जोडता येऊ लागला. त्याला जागा हवी, दात जाड दिसू नये, म्हणून बहुधा दाताची दर्शनी बाजू तासली जाऊ लागली. काढून ठेवण्याची सोय तेथे संपली. पत्रकात मात्र अजून पिंकस यांचाच सूर आहे: लावले, सुंदर दिसले.

किती तासतात? एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये निरनिराळ्या पद्धतींनी दात तासून किती वजन जाते ते मोजले. व्हिनिअरसाठी हिरडीबाहेरच्या भागापैकी सुमारे ३ ते ३० टक्के गेला. पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हा ३ आणि ३० मधला फरक आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्हींना पत्रकात ‘व्हिनिअर’ एवढा एकच शब्द आहे. दात रांगेत असेल आणि फक्त रंग झाकायचा असेल तर जेमतेम दंतवल्क खरवडून भागते. पण दात वळलेला असेल तर पुढे आलेली कड तासूनच त्याला सरळ दाखवावे लागते, आणि त्या जागी दंतवल्क संपून दंतिन उघडे पडू शकते. दंतिनला रेझिन दंतवल्काइतके भरवशाने चिकटत नाही. शिवाय सतराव्या वर्षी दाताचा मऊ गाभा मोठा असतो, तासण्याच्या पृष्ठभागापासून फार लांब नसतो.

कॅपचा ६३ टक्क्यांचा आकडा ऐकून कोणी रूट कॅनाल झालेल्या दाढेची कॅप टाळू नये. तेथे दात आधीच किडीने पोखरलेला असतो, आणि उरलेला फुटू नये म्हणून कॅप घालतात. तेथे थोडे देऊन बरेच राखले जाते. धडधाकट दात रांगेत दिसावा म्हणून त्यावर कॅप चढवणे हा वेगळा व्यवहार. पत्रकात ‘कॅप’ डाव्या रकान्यात आहे. ‘स्माइल मेकओव्हर’मध्ये कधीकधी तीच कॅप उजव्या दाराने आत येते, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. इम्प्लांटबद्दल एवढेच, की जबड्याच्या हाडाशी एकजीव होणारा टायटॅनियमचा हा खिळा १९६५ पासून माणसांत वापरला जातो, तो उत्तम काम देतो, पण जबड्याची वाढ पुरी होण्याआधी सहसा बसवत नाहीत. अकरावीच्या वर्गात वाटलेल्या कागदावर हे नको होते का?

भरलेले, चिकटवलेले, चढवलेले काहीच जन्मभराचे नसते, ही पत्रकाने गाळलेली दुसरी गोष्ट. ती समजावून द्यायला आम्हाला आमची खालची डावी दाढ पुरेशी आहे. शाळेत असताना तिच्यात चांदी भरली, भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढी. महाविद्यालयात असताना कडेने पुन्हा कीड लागली. जुने काढून मोठे भरले. पस्तिशीत एका लग्नात चकली चावताना दाढेचा एक कोपराच तुटला. मग रूट कॅनाल, मग कॅप. तिन्ही वेळी दंतवैद्याने योग्य तेच केले असे आम्हाला आजही वाटते. तरीही प्रत्येक खेपेला दात कमी आणि भरलेले जास्त होत गेले. ब्रिटनमधील रिचर्ड एल्डर्टन यांनी या फेऱ्याबद्दल १९८० नंतरच्या दशकात बरेच लिहिले: एकदा कोरलेला दात पुन्हा पुन्हा कोरला जातो, आणि पहिले कोरणे जितके पुढे ढकलता येईल तितके ढकलावे. आमच्या दाढेला निदान पहिल्या वेळी कीड तरी होती.

चांगले बसवलेले पोर्सेलिनचे व्हिनिअर दहा वर्षांनीही बहुधा शाबूत असते, आणि हे पदार्थशास्त्राचे मोठे यश आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीपुढे साठ वर्षे असतात. पंधरा वर्षांनी एक याप्रमाणे धरले तरी तीनदा ते बदलावे लागतील. प्रत्येक वेळी जुना पापुद्रा काढताना दाताचा आणखी थोडा भाग जाणार, आणि खर्च पुन्हा नव्याने होणार. पन्नाशीच्या गृहस्थांसाठी हाच हिशेब निराळा येतो.

म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मधले छायाचित्र पत्रकात हवे होते, असे आमचे म्हणणे. दात तासून झाले आहेत आणि पापुद्रे अजून बसवायचे आहेत, त्या दिवसाचे. असे छायाचित्र काढले जात नाही असे नव्हे. दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत ते नेहमी दिसते, कारण तेथे वाचणाऱ्याला काम कसे केले ते पाहायचे असते. ज्याच्या तोंडात ते काम व्हायचे, त्याच्या पत्रकातून तेवढे नेमके गळते.

बाईंना आम्ही लिहिले की मुलीने आणि तिच्या वडिलांनी डॉक्टरांना विचारावे: कोणत्या दाताचे किती तासणार, तासणे दंतवल्कातच राहील की दंतिनपर्यंत जाईल, दात न तासता तार लावून सरकवता येतील का, आणि काहीच केले नाही तर काय बिघडेल. शक्य झाल्यास मधले छायाचित्रही पाहायला मागावे.

महिन्याभराने बाईंचे उत्तर आले. वडील मुलीला घेऊन गेले होते. डॉक्टर तरुण होते. छायाचित्र मागताच त्यांनी लगेच दुसऱ्या एका रुग्णाचे, चेहरा न दिसणारे, मोबाइलवर काढून दाखवले. मुलीचे दात पाहून ते म्हणाले, हे तासायचे नाहीत, तार लावा, साधारण दीड वर्ष लागेल. मग हे पत्रक? ते त्यांनी लिहिलेलेच नव्हते. मजकूर आणि दोन्ही छायाचित्रे छापखान्याकडे तयार होती. डॉक्टरांनी फक्त नाव आणि पत्ता घालून घेतला होता. पुढच्या शिबिरासाठी मजकूर बदलून द्याल का, असे त्यांनी बाईंनाच विचारले आहे. बाईंनी तो पहिला खर्डा आमच्याकडे पाठवला आहे. त्यात रकाने नाहीत. मुलीचे अजून ठरलेले नाही. बारावीनंतर ती शिकायला पुण्याला जाणार, तार आवळून घ्यायला दर महिन्याला गावी कसे यायचे, यावर घरात खल चालू आहे.